तिसऱ्या अंकातली थप्पड

रविवारी दुपारच्या प्रयोगाला तासभर उरला होता. रंगपटात सासू सुनेच्या अंबाड्याला आकडे लावत होती. सुनेच्या डाव्या कानात कापूस होता.

"आई, डॉक्टर म्हणाले, आता आणखी एक बसली तर कान गेलाच."

"उजवीकडून बोल गं. माझा डावा तुझ्या सासऱ्यांनी वीस वर्षं वाजवला. आता नुसता डूल घालायला उरलाय."

नाटक जुनं, घराण्यात चालत आलेलं. तिसऱ्या अंकात संशयी नवरा बायकोला मारतो, ती पाय धरून 'चुकले' म्हणते, आणि टाळ्या पडतात. तिचं काय चुकलं, हे नाटकात कुठेच नाही. कंपनीचा शिरस्ता एकच: थप्पड खरी. पूर्वी सासरे मारत, सासू खाई. आता मुलगा मारतो, सून खाते.

सून सासऱ्यांकडे गेली. "बाबा, आज यांना खोटी मारू द्या ना. आवाजापुरती विंगेतून कुणी टाळी वाजवली तरी भागेल."

"टाळ्या प्रेक्षकांनी वाजवायच्या, सूनबाई," ते चहा फुंकत म्हणाले.

नवरा मिशी चिकटवत हसला. "हळूच मारीन. एवढं काय!"

थप्पड शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. सून आडवी झाली. कापूस लाल झाला. विंगेत सासू वही घेऊन बसली होती. विसरलेली वाक्यं सुचवणं हे आता तिचं काम.

"चुकले म्हण," ती कुजबुजली.

सून उठली. "माझं काय चुकलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने दुसरी लगावली. मग केस धरून तिला खाली दाबलं. "पाय धर!" तिचं कपाळ फळ्यांवर आपटलं.

"हाण! डोक्यावर बसलीय!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं.

"अगं, पुढचं वाक्य दे तिला!" सासरे बायकोवर खेकसले.

सासूने वही मिटली. घरच्याच कपड्यांत, नाकावर चष्मा, ती सरळ प्रकाशात गेली. मुलाची बोटं एकेक करून तिने सुनेच्या केसांतून सोडवली.

"पडदा पाडा!" सासरे ओरडले.

"राहू दे वर," ती म्हणाली आणि प्रेक्षकांकडे वळली. "वीस वर्षं मी खोटं बोलले. माझं काही चुकलं नव्हतं. हिचंही नाही. आणि हे रक्त रंगाचं नाही, नीट बघा."

प्रेक्षकांना हा नवा बदल फार आवडला. दोघी एकमेकींना धरून मधल्या वाटेने दाराकडे निघाल्या, तरी टाळ्या थांबेनात. शेवटच्या रांगेतली एक बाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातांकडे बघत होती.