बुटातलं बटण

सासऱ्यांनी शिवायला घेतलेल्या कोटाचं मोठं बटण सापडेना, तेव्हा तिला आधी आपली पोरगी आठवली. पोरगी नुकती रांगायला लागलेली. हाताला लागेल ते थेट तोंडात. तिने पोरीच्या तोंडात बोट फिरवलं, सासऱ्यांच्या शिलाई मशीनखालच्या चिंध्या उपसल्या, पलंग ओढला. गिळलंच असणार, या धसक्याने ती डॉक्टरकडे निघणार एवढ्यात सासरे बाजारातून परतले. त्यांनी बूट काढला आणि बटण फरशीवर घरंगळलं.

"नातीने बुटात तिजोरी उघडलीय वाटतं," ते हसले.

तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग तिला मोजा दिसला. चवड्याखाली लाल झालेला.

"बाबा, दुखलं नाही?"

"छे. कळलंसुद्धा नाही."

तिला धास्ती वाटली ती याचीच. साखरेच्या आजाराने पाय बधिर होत चालल्याचं त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं; ते तिला आत्ता कळलं. दवाखान्याचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"आमचा थोरला दादा दवाखान्यात चालत गेला होता. परत आला तो एका पायावर. मी नाही येणार."

"ते फार उशिरा गेले होते. आणि हिला चालायला शिकवणार कोण? माझा तर दिवस कामातच जातो."

त्यांनी नातीकडे एकदा पाहिलं आणि ते दवाखान्यात आले.

सिस्टरने जखम धुऊन पट्टी बांधली. मग एक ताठ, बारीक नायलॉनचा दोरा घेतला. "डोळे मिटा, आजोबा. तळव्याला लागलं की 'हो' म्हणायचं."

"हो... हो... हो..." मशीनचं पायडल मारावं तसं, ठेक्यात. ती पोरीला कडेवर घेऊन टक लावून बघत होती. सिस्टरचा हात मध्येच थांबला. तरी "हो" आलाच.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आत्ता दोरा लावलाच नव्हता."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कळत नाही म्हटलं, तर कापतील ना."

"उलट आहे," सिस्टर म्हणाली. "कळत नाही हे आम्हाला कळलं, तर पाय वाचतो. पूर्वी लोक पाय काळा पडल्यावर यायचे, मग इलाज उरायचा नाही. हल्ली आधीच दाखवतात. आमच्याकडे कापाकापी खूप कमी झालीय. चला, आता खरं खरं सांगा."

पुन्हा दोरा फिरला. बोटांखाली शांतता, चवड्यावर शांतता. टाचेवर मात्र बारीकसा "हो".

जखम भरायला वेळ लागला. दरम्यान घरात नवा रिवाज पडला. बूट घालायच्या आधी उपडा करून झटकायचा, आणि पोरीला आंघोळ घातल्यावर दोघांचे तळवे उजेडात बघायचे. सुनेने पायाला हात लावायचा म्हणून सुरुवातीला सासरे अवघडायचे.

"हिचे दोन बघतेच आहे, त्यात तुमचे दोन," ती म्हणायची.

पोरीचा तळवा बोट लागताच गुदगुल्यांनी आखडायचा. त्यांचा मात्र न हलता तिच्या हातात विसावायचा.

एकदा सकाळच्या गडबडीत ती विसरली. खोलीत आली तेव्हा सासरे खिडकीपाशी बसले होते, मोजे काढून, नातीला मांडीवर घेऊन.

"अगं," ते म्हणाले, "आज आमचे पाय राहिलेत बघायचे."