कानशिलावरची खिडकी

शनिवारी सकाळी बाबांनी आरशासमोर उभं राहून कानांच्या वरचे केस मशीनने अगदी बारीक केले. दोन्हीकडे बोटभर जागा, बाकीचं डोकं तसंच. कुंपणाला भोक पडल्यासारखं दिसतंय, असं आईने नेहमीप्रमाणे सुनावलं.

"लेकीच्या कामाचं डोकं आहे हे," बाबा म्हणाले. "त्याची निगा नको राखायला?"

आयुष्यभर त्यांनी केस कापायचं दुकान चालवलं. लेक मात्र डोक्याच्या आत डोकावणारी निघाली. मेंदूतला रक्तप्रवाह तपासणं हे हॉस्पिटलातलं तिचं काम. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं. तिथे जेल लावून पेनाएवढा प्रोब टेकवायचा, की ध्वनिलहरी आत जाऊन रक्तावरून परततात आणि रक्ताचं वाहणं यंत्रातून ऐकू येतं. त्या पातळ जागेला तिथले सगळे खिडकी म्हणत. कुणाकुणाला ती नसतेच. बाबांची होती, पण जराशी मागे सरकलेली; प्रोब तिथे टेकवून किंचित पुढे कलवला तरच आवाज द्यायची.

शिकताना तिने त्यांच्यावरच हात बसवला. पुढे ती इतरांना शिकवू लागली, तरी शनिवारी बाबा त्यांच्या सरावासाठी हॉस्पिटलात हजर. लोकांची डोकी भादरून पोट भरलं, आता आपलं पुढे करायला लाज कसली, असं म्हणत पलंगावर आडवे व्हायचे. यंत्रातून आवाज येऊ लागला, की त्यांना दुकान बंद करतानाची झाडलोट आठवायची. झाडूचे लांब, संथ फटकारे, एकामागून एक. मग डोळे मिटूनच विचारायचे, "काय चाललंय गं आत? तुझ्या आईला तर आजवर पत्ता लागला नाही."

सगळे हसायचे. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "नॉर्मल."

त्या शनिवारीही ती तेवढंच म्हणाली. पोरगी तोंडाची भारी कंजूष आहे, असं तिच्या सहकाऱ्याला सांगत बाबांनी चहा संपवला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते न्हाणीघरात कोसळले. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. सोमवारी त्यांचा श्वास यंत्रावर चालला होता आणि डोळ्यांवर उजेड टाकला तरी बाहुल्या हलत नव्हत्या. आत रक्त पोचतंय का, ते पाहायला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ती रोज करायची तीच तपासणी सांगितली. आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, म्हणून सहकारी आत गेला. ती आईचा हात धरून काचेबाहेर उभी राहिली.

बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. मग तो बाहेर आला.

"ताई, जागा माहीत आहे मला. याच डोक्यावर शिकलोय. पण हात ऐकत नाही."

आवाज न मिळणं म्हणजे रक्त नसणं नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोष हाताचा असेल. हाताचाच असू दे. निर्णय तुम्ही द्या, हात फक्त माझा असू दे, असं तिने डॉक्टरीणबाईंना विनवलं. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

कानावरचे बारीक केस बोटाला मखमलीसारखे लागले. शनिवारी कापलेले, तिच्यासाठी. तिने जेल लावलं, प्रोब टेकवला, किंचित पुढे कलवला.

आवाज लगेच मिळाला.

फटकारा आखूड होता. पुढे जात होता आणि तेवढाच मागे येत होता. रक्त वर चढत होतं, आत शिरायला वाव नव्हता म्हणून मेंदूला न पोचताच परतत होतं. तिने दुसरी बाजू पाहिली. तिथेही तेच. पडद्यावरच्या रेषा पाहून डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आईशी बोलायला बाहेर गेल्या.

तिने यंत्राचा आवाज बंद केला. दोन्ही कानशिलांवरचं जेल हळूहळू पुसलं, केसांत अडकलेलंही. मग त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, नुसतं नॉर्मल नव्हतं ते. फार सुंदर होतं. कुणाच्याही डोक्याला प्रोब लावला ना, की मी आधी तुमचा आवाज शोधायची."