मार्जिन न सोडलेलं झबलं

सकाळपासून तीन झबली शिवून झाली होती आणि तिन्ही फुकट गेली होती. काकूंचं डोकं तडकलं होतं. चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या आपल्या नवऱ्याला, मास्तरांना, वीतभर झबलं जमू नये म्हणजे काय?

लेक दिवस भरायच्या सात आठवडे आधीच बाळंत झाली होती. नात पावणेदोन किलोची, बारा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत. लेकीने तिला अजून एकदाही जवळ घेतलं नव्हतं. आज देणार होते, पण दुकानातल्या झबल्यात पोर अख्खी हरवत होती. सिस्टरांनी नीट फोड करून सांगितलं होतं, की पुढून पूर्ण उघडणारं, नाड्यांचं, अंगाबरोबर झबलं हवं. आत जाड शिवण नको, कातडी सोलते. पाचच्या आत आणा.

मास्तरांनी हे सगळं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. त्यांचा आयुष्यभराचा नियम एकच: शिवणीच्या आत मार्जिन सोडायचं. माणसाचं पोट आज ना उद्या सुटतंच, आत कापड असलं की उसवून कोट सैल करता येतो. पहिल्या झबल्यात त्यांनी दोन बोटं कापड सोडलं. काकूंनी काखेत बोट फिरवून पाहिलं आणि झबलं बाजूला टाकलं. दुसऱ्यात एक बोट सोडलं. तिसऱ्यात ते मार्जिन झाकायला चक्क अस्तर लावलं.

"अहो, पोरीला मुलाखतीला जायचंय का कुठे?" काकू म्हणाल्या.

"मला शिकवू नकोस. तू आपली काजं कर."

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात चाळीस वर्षं काजं-बटणं करताना काकूंनी हे वाक्य शंभरदा गिळलं होतं. आज गिळवेना. घड्याळात तीन वाजले होते. त्यांनी कात्री उचलली. "सरका. मी करते."

मास्तरांनी बेतलेल्या कापडावर तळहात ठेवला. "मार्जिन कापू नकोस."

"का?"

"मग ते तेवढंच राहील."

"राहू द्या की. तेवढंच तर हवंय त्यांना."

मास्तरांनी मान वर केली नाही. "पोर वाढायचीच नाही, असं धरून कसं शिवू मी? माझा हात चालत नाही."

काकूंना त्यांचा राग आला, कीव आली, आणि आपल्याच पोटातली भीती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून रडूही आलं. पण रडत बसायला वेळ कुठे होता?

"वाढली की दुसरं शिवा," त्या म्हणाल्या. "हात मोडलेत का तुमचे?" आणि त्यांनी मार्जिन कापून टाकलं, जेमतेम टाका बसेल एवढं ठेवून. "आता शिवण बाहेरून घ्या. आतून टोचायला नको."

एक दोरा बाहेर दिसला तर कारागिराला अख्खा कोट उसवायला लावणारा हा माणूस. त्याने निमूटपणे शिवण बाहेरून घेतली.

पाचला पाच कमी असताना झबलं दवाखान्यात पोचलं. नेमकं बसलं. सिस्टरांनी नातीला लेकीच्या छातीवर ठेवलं, तेव्हा मास्तर दारातून पाहत पुटपुटले, "टाके दिसताहेत." काकूंनी त्यांना कोपर मारलं.

नंतरचे नऊ दिवस मास्तर रोज दवाखान्यात यायचे, काचेतून पाहायचे आणि घरी जायचे. दहाव्या दिवशी सिस्टरांनी त्यांना आणि काकूंना पॅसेजमध्येच गाठलं.

"मास्तर, झबलं काखेत घट्ट होतंय हो. दुसरं लागेल."

कपडा घट्ट झाला अशी तक्रार मास्तरांनी कधी कोणाची ऐकून घेतली नव्हती. गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर यायचे. आज ते मटकन बाकावर बसले आणि तोंड हातात लपवून हमसाहमशी रडू लागले. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, उठा," त्या म्हणाल्या. "माप घ्यायचंय तिचं."

आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा एकदा सांगावं लागलं.