मुकादमाच्या पाठीवरचा डाग

गल्लीत त्यांना सगळे कडककाका म्हणत. लॉन्ड्री त्यांची, इस्त्री कडक आणि स्वभाव इस्त्रीहून कडक, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. त्यांचा बोका मात्र त्यांच्यावर गेला नव्हता. पांढराशुभ्र, गलेलठ्ठ, निवांत गडी. पण दिवसातून दहादा गल्लीची फेरी मारून कोण काय करतंय ते पाहून आल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम.

या फेऱ्यांचं काकांना भारी कौतुक. "मांजर म्हणजे काय बैल आहे, दावणीला बांधायला?" असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. बोक्याच्या गळ्यात पट्टा नाही, डॉक्टरचं तोंड त्याने कधी पाहिलेलं नाही, आणि दुपारचा कुठे असतो म्हणून विचारलं तर काका म्हणायचे, "असेल कुठेतरी, येईल की!" सकाळी वाडगं भरलं की त्यांची जबाबदारी संपली.

त्रास व्हायचा तो शेजारच्या फुलवाल्या बाईंना. मुकादम त्यांच्या बादल्यांतलं पाणी प्यायचा, बांधून ठेवलेल्या गुच्छांवर ताणून द्यायचा, आणि कुंड्यांसाठी आणलेल्या मातीच्या पोत्याचं काय करायचा ते सांगायला नको. बाईंनी आधी हसत सांगून पाहिलं, मग न हसता. शेवटी एकदा त्या लॉन्ड्रीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, बोक्याला जरा घरात ठेवत जा. माझ्याकडे लिली असते. मांजराला ती विष आहे. खायलाच पाहिजे असं नाही, नुसते पराग अंगाला लागले आणि त्याने अंग चाटलं, तरी मूत्रपिंडं निकामी होतात."

काकांनी इस्त्री आपटली. "धमकी देताय?"

"धमकी कसली? तुमच्याच जनावराच्या भल्याचं सांगतेय."

"आमच्या जनावराचं आम्ही बघू. तुम्ही तुमची फुलं सांभाळा."

एवढ्यावर थांबतील तर ते कडककाका कसले! संध्याकाळी समोरच्या सलूनमध्ये जाऊन त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं, की फुलवाली आमच्या मुकादमाला विष घालायच्या गोष्टी करते. सलूनवाल्याची कात्री चालते त्याच्या दुप्पट त्याची जीभ चालते. दोन दिवसांत ही बातमी गल्लीत घरोघरी पोचली.

आणि पुढे काही महिन्यांनी एका सकाळी मुकादम फेरीला निघालाच नाही. पलंगाखाली कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, तोंडातून लाळ गळत होती, वाडग्याकडे ढुंकून बघत नव्हता. काकूंनी त्याला ओढून उजेडात आणलं, तेव्हा काकांना त्याच्या पाठीवर एक शेंदरी-पिवळा डाग दिसला. डाग ओळखण्यात ज्याचा जन्म गेला त्याला काय सांगायचं? चहाचा नाही, गंजाचा नाही, हा लिलीच्या परागाचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याला तपासलं, रक्त काढून घेतलं, पायाला सलाईन लावलं.

"हे कधी लागलं त्याला?"

"काय माहीत? तो बाहेरच असतो."

"खाणं कधीपासून बंद आहे?"

"कालपासून वाडगं तसंच आहे खरं. बाहेर काहीतरी खात असेल असं वाटलं."

"उलट्या?"

काकांनी नुसते खांदे उडवले. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला याच्याबद्दल काहीच माहीत नाही. पाळलाय ना तुम्ही याला?"

झोंबलं ते डॉक्टरीणबाईंचं, आणि राग काढला मात्र फुलवाल्या बाईंवर. काका तिथून तडक फुलांच्या दुकानात घुसले. एक तरुण जोडपं आपल्या लग्नाची सजावट ठरवत उभं होतं. काकांना त्याचं काय! "घातलंत ना शेवटी विष?" ते ओरडले. "मुक्या जनावराचा जीव घेताना हात नाही कापला तुमचा?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "काका, काय झालं मुकादमाला? माझ्याकडे लिली नाहीये. बघा हवं तर."

काकांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. ते मोठ्यामोठ्याने बोलत राहिले, दारात माणसं जमली, त्या जोडप्यातली मुलगी मुलाच्या बाहीला धरून हळूच बाहेर पडली. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून बघायला आला होता. काकांना त्या क्षणी अगदी न्याय केल्यासारखं वाटलं.

घरी येऊन पाहतात तर काकू मागच्या खोलीच्या दारात उभ्या.

"अहो, जरा इकडे या."

ही खोली म्हणजे घर आणि लॉन्ड्री यांच्या मधली, धुण्याआधीचे कपडे तपासायची जागा. कोपऱ्यात जुन्या चादरींचा ढीग, पुसायला म्हणून ठेवलेला. काकूंनी वरची चादर उचलून धरली. तिच्यावर पांढरे केस होते, मध्ये एका बोक्याच्या आकाराचा खळगा पडला होता, आणि सगळीकडे शेंदरी-पिवळी पूड.

काकांनी ती पूड बोटाने टिपून पाहिली. लग्नाच्या हॉलवाल्यांची पांढरी टेबलक्लॉथं त्यांनी स्वतः परवा याच खोलीत झटकली होती. कुठल्याशा समारंभातली लिलीची फुलं रात्रभर टेबलांवर राहिलेली, कापडभर पराग सांडलेले. परागाच्या डागाला पाणी दाखवायचं नसतं. ओला झाला की तो कायमचा बसतो. कापड आधी कोरडंच झटकायचं आणि उरलेले कण चिकटपट्टीने उचलायचे, हे काकांनी हाताखालच्या कितीतरी माणसांना शिकवलं होतं. त्यांनी झटकलं, आणि ते सगळं त्या ढिगावर पडलं. आणि जो बोका दुपारी गल्ली पालथी घालत असतो असं ते लोकांना फुशारकीने सांगायचे, तो दुपारभर इथे, त्यांच्या पाठीमागे झोपलेला असायचा. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता काय?" असं म्हणून काकांनी ती चादर त्यांच्या हातातून ओढली, मशीनमध्ये कोंबली आणि पाणी सोडलं.

"पाणी?" काकू म्हणाल्या. "तुम्ही?"

चादर धुऊन निघाली ती डागासकट. काकांनी तिची घडी करून कपाटाच्या तळाशी घातली. बायकोच्या डोळ्याला डोळा द्यायची त्यांना लाज वाटत होती.

त्यानंतर काका मूग गिळून बसले. तोंड उघडायची गरजच नव्हती, गल्ली त्यांच्या वतीने बोलत होती. फुलवाल्या बाईंच्या दुकानाकडे बघत लोक पुढे जायचे. बादल्यांतली फुलं माना टाकायची आणि बाई ती संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकायच्या. काकांना ते इस्त्रीच्या टेबलावरून सरळ दिसायचं. दिसू नये म्हणून त्यांनी टेबल फिरवून घेतलं. मग पाठीला बाईंच्या पावलांचा आवाज लागायचा.

"मी तर घरी सांगून टाकलंय," सलूनवाला काकांची दाढी करता करता म्हणाला, "त्या बाईकडून एक पाकळी आणायची नाही. बरोबर की नाही, काका?"

"हं," काका म्हणाले.

त्या एका हुंकाराने ते स्वतःच्या मनातून उतरले. आरशात समोर त्यांचंच थोबाड होतं आणि त्यावर वस्तरा फिरत होता, मान फिरवायचीही सोय नव्हती.

मुकादम वाचला. घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की मूत्रपिंडं कमजोर झालीत, औषध आणि पथ्याचं खाणं जन्मभर, बाहेर सोडणं बंद. काका आता त्याला मांडीवर घेऊन औषध पाजायचे, किती प्याला, किती टाकला ते बघायचे. बोका त्यांच्याकडे विश्वासाने पाहायचा आणि तेच त्यांना सहन व्हायचं नाही.

"तुमच्याच्याने होत नसेल तर मी जाऊन सांगते," काकू एकदा म्हणाल्या.

"नको. मी जातो."

गेले खरे, पण कसे गेले ते ऐका. भर दुपारी गेले, गल्लीत चिटपाखरू नसताना, सलूनचा पडदा ओढलेला बघून. बाई काउंटरमागे देठं कापत बसल्या होत्या. काकांना बघून त्यांची कात्री थांबली.

काकांनी सगळं सांगितलं. टेबलक्लॉथं, ढीग, चादर. ती पाण्यात घातली तेही सांगितलं. सांगताना त्यांचं लक्ष जमिनीवरच्या पानांकडे होतं.

"तुमच्याकडे खरंच लिली नव्हती," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला सांगायला आले होते ना, त्यानंतर मी आणलीच नाही. तुम्ही काही त्याला घरात ठेवणार नव्हता, मग मीच बंद केली. लग्नवाले लिलीच मागतात. त्यांना दुसरीकडे पाठवत होते."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या बाईवर त्यांनी विष घातल्याचा आळ घेतला, त्या बाईने त्यांच्या बोक्यासाठी आपल्या धंद्यावर पाणी सोडलं होतं, आणि वर ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"चुकलो मी, ताई. माफ करा."

बाईंनी एक देठ कापलं. "बोका खातो का आता?"

"थोडं थोडं खातो."

"बरं झालं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "पण काका, हे तुम्ही मला कशाला सांगताय? मी काही घातलं नव्हतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

बाईंनी माफ केलं की नाही हे विचारायची सोयच उरली नव्हती. काका बाहेर आले. घर चार पावलांवर होतं, आणि पाय तिकडेच वळत होते. त्यांनी ते बळेबळे रस्त्यापलीकडे नेले आणि सलूनचा पडदा बाजूला केला. आत एकजण खुर्चीत होता, दोघे पेपर चाळत बसले होते.

"या काका," सलूनवाला म्हणाला. "बोका काय म्हणतो?"

"फुलवाल्या ताईंनी काही घातलं नव्हतं," काका दारातूनच म्हणाले. "पराग माझ्या लॉन्ड्रीतले. मीच झटकले, त्याच्या अंथरुणावर. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो."

वस्तरा थांबला. पेपर खाली आले. "आणि त्या बाईंचा धंदा बुडवलात की हो," खुर्चीतला माणूस साबणाच्या तोंडाने म्हणाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर काकांना सोपं गेलं असतं.

ते बाहेर आले तेव्हा घामाने सदरा पाठीला चिकटला होता. रस्त्यापलीकडे फुलवाल्या बाई आपल्या दारात उभ्या होत्या. सुटलो आता, असं मनाशी म्हणत काका घराकडे वळले.

बाईंनी हात वर केला आणि बोटाने पुढचं किराणा दुकान दाखवलं. मग त्याच्या पुढची पिठाची गिरणी.

कडककाका मान खाली घालून किराणा दुकानाची पायरी चढले.