मुळातला तांबेरा

फळून गेलेली ब्लॅकबेरीची काठी तिने जमिनीलगत कापली, कात्रीची पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि पुढच्या काठीला हात घातला. जुन्या तपकिरी काठ्या काढायच्या, हिरव्या राखायच्या; तीन वर्षांत हे अंगवळणी पडलं होतं. यंदाचे फुटवे मात्र निराळेच होते. बारीक, झुपक्याने आलेले, काटे जवळजवळ नाहीतच. महिनाभर ती त्यांचं कौतुक करत होती. आज सहज एक पान उलटलं, तर बोटं शेंदरी झाली.

पिशवीत बांधून नेलेलं ते पान नर्सरीवाल्याने बाहेरूनच पाहिलं. गाठ सोडली नाही.

"हा मुळातला तांबेरा. रोग मुळातच शिरलेला असतो, फवारणीने जायचा नाही. मुळासकट उपटा, पिशव्यांत बांधून टाका. कुणाला देऊ नका. रोपं कुठली?"

"नणंदेने दिलेली."

"मग त्यांनाही सांगा."

झाड सासूबाईंच्या हातचं. त्या गेल्यावर नणंदेने स्वतः रोपं खणून आणून दिली होती. आता हयगय केल्याचं खापर आपल्याच माथी येणार.

ती तशीच नणंदेच्या घरी गेली. नणंद ओट्याशी भांडी पुसत होती. तिने ऐकून घेतलं, हात थांबले नाहीत.

"बिनकाट्यांच्या फुटव्यांवर आला ना?"

फुटव्यांचं तर तिने अजून काही सांगितलंच नव्हतं. तिने खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. कुंपणालगत नुसती माती होती.

"ताई, तुमची झाडं?"

"उपटली. झाली की तीन वर्षं."

"मला रोपं दिलीत त्याच्या आधी, की नंतर?"

नणंदेने कोरडा पेला पुन्हा पुसला.

"आईने लावलेलं गं. माझ्याच हाताने संपवायचं? वाटलं, तुझ्या मातीत बरं होईल."

ती घरी आली. नवऱ्याला एवढंच सांगितलं, की झाडांना रोग लागलाय. त्याच्या बहिणीचं नाव काढलं नाही. उगाच भावाबहिणीत वितुष्ट नको. दोन दिवस खणून तिने सगळं उपटलं, सहा पिशव्या भरल्या आणि फाटकाशी ठेवून आंघोळीला गेली.

बाहेर येऊन पाहते, तर एक पिशवी उघडी.

"ताई येऊन गेली," नवरा चहा ओतत म्हणाला. "आईची आठवण म्हणून एक मूळ हवं होतं. दिलं. चांगला कोंब असलेलं शोधून दिलं."

"कुठे लावणार त्या? अंगणात?"

"छे, लेकीकडे निघाली होती. नव्या घराची बाग मोठी आहे म्हणे."

ओल्या हातानेच तिने भाचीला फोन लावला. पलीकडे भाचीला धाप लागली होती, पण आवाजात हसू होतं.

"मामी, आई पोचतेच आहे. मी खड्डासुद्धा खणून ठेवलाय."