घरात एकच भाषा

डॉक्टरांच्या बोटांतून निसटलेली पोलादी कॅप फरशीवर दोनदा उडाली आणि खुर्चीच्या पायथ्याशी जाऊन थांबली. वाटाण्याएवढी, दाढेच्या आकाराची, आतून पोकळ. तिच्यात भरलेले सिमेंट अजून ओले होते. दंतवैद्य डॉ. रत्नप्रभांनी हातमोज्यावर उमटलेला दातांचा ठसा पाहिला, मोजा फाटला नसल्याची खात्री करून घेतली आणि घड्याळाकडे नजर टाकली.

"दहा मिनिटं थांबू," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मग आणखी एकदा. त्यानंतर मी तिला त्रास देणार नाही."

आठ वर्षांची भव्या आईच्या अंगावर उताणी होती. एका माणसासाठी बनवलेल्या त्या खुर्चीत संयुक्ता खाली आणि तिच्यावर मुलगी अशा दोघी निजल्या होत्या. संयुक्ताने मुलीची मनगटे धरली होती आणि तिचा नवरा गुरुराज याने पाय. किंचाळणे थांबले होते. त्याच्या जागी एक सपाट, न चढणारा न उतरणारा स्वर आला होता. संयुक्ताच्या अनुभवानुसार तो किंचाळण्यापेक्षा अधिक काळ टिकत असे.

तिला उचलून त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवले, दोघांच्या मधे. तिने उजवी मूठ वळली आणि जबड्यावर मारली. गुरुराजने दुसऱ्या फटक्याआधी आपला तळवा मधे धरला. हे तो आता न पाहता करू शकत असे.

एकोणीस दिवस तिने चावून काही खाल्ले नव्हते. वजन तेवीस किलोवरून साडेएकोणीसवर आले होते. आठ वर्षांत तिने एकही शब्द उच्चारलेला नसल्याने कुठे दुखते हे विचारण्यात अर्थ नव्हता. स्वतःला मारून घेणे हे अशा स्वमग्न मुलांत आढळतेच, म्हणून आधीच्या तीन डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवली. चौथ्याने ती जांभई देत असताना टॉर्च लावला. चार दाढा किडल्या होत्या. एक तर जवळजवळ अर्धी.

संयुक्ता एन्नोरच्या एका वीजकेंद्रात पाण्याचे नमुने तपासणारी रसायनतज्ज्ञ होती. डॉ. रत्नप्रभांनी सांगितलेली पद्धत तिला पटली, कारण त्या पद्धतीत नुसते धीर देणारे असे काहीही नव्हते. दाढ कोरायची नाही, सुई टोचायची नाही. कीड आहे तिथेच ठेवून वरून पोलादी कॅप सिमेंटने घट्ट बसवायची. आतल्या जंतूंना साखर मिळेनाशी होते आणि ते उपाशी राहतात. तिने या पद्धतीवरचे शोधनिबंध मिळवून वाचले, नमुन्यांची संख्या पाहिली, निष्कर्ष मान्य केले. त्या प्रयोगांत भव्यासारखी मुले मुळात घेतलेलीच नव्हती, हेही तिच्या ध्यानात आले.

अट एकच होती. कॅपवर कापसाची गुंडाळी ठेवली की मुलाने ती दोन मिनिटे दातांखाली दाबून धरायची. बोटाने तेवढा दाब येत नाही. दाढांमध्ये फट पडावी म्हणून तीन दिवस आधी घातलेली रबराची कडी आज सकाळी काढली होती. संध्याकाळपर्यंत ती फट मिटली असती. मागच्या वेळी भव्याने ती कडी नऊ वेळा उपटून काढली होती. आज जमले नाही, तर उरत होते ते पूर्ण भूल देऊन दाढा काढणे. आणि त्यासाठी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात मिळालेली तारीख अकरा आठवड्यांनंतरची होती. अतिदक्षता विभाग हवा, कारण दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या तपासणीसाठी भूल दिली तेव्हा भव्याचा श्वास चाळीस सेकंद थांबला होता.

"अकरा आठवडे निघायचे नाहीत," गुरुराज मराठीत म्हणाला. "नळीनं भरवावं लागेल."

"माहीत आहे."

"मी वशिला लावतो. आमच्या बँकेच्या शाखेत एकांचा मुलगा तिथे सर्जन आहे. पुढच्या आठवड्यात भूल देऊन टाकू."

"आणि चाळीसचे ऐंशी झाले तर?"

"तिथे यंत्रं असतात, संयुक्ता."

"मागच्या वेळीही होती."

भव्याचा स्वर चालूच होता. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी आपल्या मुलाला उचलून दुसऱ्या टोकाला नेले. संयुक्ताने ते पाहिले आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "नाही आला श्वास, तर नाही आला. ती सुटेल. आपणही सुटू."

गुरुराजने मान वळवली. "हळू बोल."

"हळू कशाला? मराठीत बोलतेय."

तिचे म्हणणे गुरुराजने खोडले नाही. मुलीच्या जबड्यापुढे धरलेला तळवा त्याने मागेपुढे केला, जणू त्याची जागा चुकली होती.

मराठीचे हे असे पाच वर्षांपूर्वी ठरले होते. भव्या तीन वर्षांची असताना उपचार केंद्रातल्या बाईंनी सांगितले, मूल बोलत नाही, त्याला दोन भाषांचा गोंधळ नको, घरात एकच भाषा ठेवा. शाळा तमिळ, शेजार तमिळ, म्हणून तमिळ ठरली. संयुक्ताचे सासरे प्रतापसिंह आपल्या तंजावरी मराठीत उसळले होते. "तंजावरांत अस्की माणसं तीनशे वर्षं दोन भाषा बोलली. कोण मुकं झालं, दाखव मला." पण संयुक्ता नियम पाळणारी बाई. त्या दिवसापासून भव्याशी मराठीत कुणी एक अक्षर बोलले नाही. आजोबांनी तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगणे थांबवले. तमिळमध्ये गोष्ट रंगत नाही, एवढेच कारण त्यांनी दिले.

पुढे वर्षा-दीड वर्षाने संयुक्ताने त्या सल्ल्याचा आधार शोधला. तो नव्हता. तसा पुरावा कुणालाच सापडलेला नव्हता. तरीही तिने नियम बदलला नाही, आणि का बदलला नाही हे तिला ठाऊक होते. दोन खोल्यांच्या घरात, कधीही एकटे सोडता न येणाऱ्या मुलीच्या उशापायथ्याला बसून, नवराबायकोला बोलण्यासाठी तेवढी एकच जागा उरली होती. तिथे ते सगळे बोलत. आपल्यानंतर हिचे काय, इथपासून ही झालीच नसती तर, इथपर्यंत.

दार उघडून सहायिकेने आत बोलावले.

या वेळी डॉक्टरांनी दिवा मंद केला. कॅप भव्याच्या तळहातावर ठेवून तिला हाताळू दिली, मग दुसरी, तशीच, सिमेंट भरून तयार ठेवलेली घेतली. "आ काट्टु, कण्णा," त्या म्हणाल्या. तोंड उघडले नाही. संयुक्ताने गालफडावर अंगठा दाबला, ओठ सुटले, आणि कॅप दाढेवर बसवून डॉक्टरांनी तिच्यावर कापूस ठेवला.

"कडि. कडि, कण्णा." चावून धर, असे त्या तमिळमध्ये सांगत होत्या.

भव्याने जबडा ताणून उघडा ठेवला. डोळे छतावर होते. डॉक्टरांचे बोट कॅपवर होते आणि त्या बोटाने ती फार वेळ जागेवर राहणार नव्हती. सिमेंट घट्ट होऊ लागायला मिनिटभर अवकाश होता.

"कडि, मा. पाप्पा, कडि." गुरुराजनेही तमिळमध्ये सांगून पाहिले. मग पाय आणखी घट्ट धरले.

"पाय सोडा हो तिचे," संयुक्ता मराठीत म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "तुम्ही धरता म्हणून ती लढते. नुसता कापूस दाबून धरला तर संपलं. वीस आकडे. एवढंच करायचंय, पण हिला कोण सांगणार?"

गुरुराजने हात काढले. भव्याचा जबडा मिटला.

"अप्पडित्तान्!" डॉक्टरांनी चटकन बोट मागे घेतले. "असंच. असंच, राणी."

कानशिलाजवळचा स्नायू ताठ झालेला संयुक्ताला गालाशी जाणवत होता. सपाट स्वर थांबला होता. खोलीत वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी राहिली. योगायोग, तिने मनाशी म्हटले. पाय सुटले म्हणून अंग सैलावले, म्हणून जबडा मिटला. पुरेसे स्पष्टीकरण होते. तिने भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद-काट्याकडे पाहिले.

विसाव्या सेकंदाच्या आसपास स्नायू सैल पडू लागला.

"सोडतेय," गुरुराज पुटपुटला.

"अजून वीस," संयुक्ता म्हणाली. ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली.

स्नायू ताठ झाला.

काटा फिरत राहिला. पुन्हा सैल. "अजून वीस," ती म्हणाली, आणि या वेळी तिने कुणाकडेही पाहिले नाही. ताठ. चौथ्या वेळी तिने मुद्दाम उशीर केला. श्वास रोखून तीन सेकंद गप्प राहिली. जबडा सुटता सुटता थांबला, अर्धवट, आणि तसाच राहिला. ती बोलल्यावर दातांनी कापूस पुन्हा पकडला. आणखी दोनदा तिने सांगितले. मग तिने मुलीचे मनगट सोडले.

"झालं!" डॉक्टरांनी कापूस काढला, कडेचे सिमेंट खरवडले, दाढ आरशात पाहिली. सकाळपासून तुंबलेले हसू त्यांच्या चेहऱ्यावर आले. "बसली. आता उरलेल्या तीनही अशाच करू. काय सांगितलंत हो तिला?"

"तिला मी काही सांगितलं नाही," संयुक्ता म्हणाली. ते खरे होते.

गुरुराजला अजून कळले नव्हते. भव्याच्या चपला शोधत तो मराठीत म्हणाला, "पाहिलंस? पाय सोडल्याबरोबर! मी उगीच इतके दिवस..."

संयुक्ताने त्याच्या दंडावर हात ठेवला. नंतर नकारार्थी मान हलवली आणि डोळ्यांनीच भव्याकडे खूण केली. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग मुलीकडे. चपलेचा एक पट्टा त्याच्या हातात होता. इंग्रजीत काहीतरी विचारायला त्याने सुरुवात केली; संयुक्ताने पुन्हा मान हलवली. भव्याला इंग्रजी किती कळते, याचीही त्यांना कल्पना नव्हती.

तासाभराने काही मऊ द्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तो तास त्यांनी देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर काढला, आणि मग माडवीथीतल्या, म्हणजे देवळाभोवतीच्या रस्त्यावरच्या, एका लहान उपाहारगृहात शिरले. भव्या भिंतीकडे, तिच्या शेजारी संयुक्ता, समोर गुरुराज. दुपारची गर्दी ओसरली होती. वाढप्याने इडली आणली. चटणी नको, साखर तर नकोच, असे संयुक्ताने तमिळमध्ये सांगितले.

गुरुराजने मोबाइल काढला, काही टंकले आणि तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला. त्यांची मराठी नेहमी इंग्रजी अक्षरांत लिहिली जाई. पडद्यावर एकच शब्द होता. अस्की? सगळेच कळत होते का तिला, असे तो विचारत होता.

संयुक्ताने मोबाइल उपडा ठेवला. भव्याला वाचता येते की नाही, हे त्यांना माहीत नव्हते.

भव्याने इडलीचा तुकडा तोडला. वास घेतला. तोंडात घालून डाव्या, कॅप बसवलेल्या बाजूला ढकलला आणि थांबली. मग दात मिटले. एकदा, दोनदा. तिने गिळले, दुसरा तुकडा घेतला, मोठा, आणि तो संपायच्या आत तिसरा. एकोणीस दिवसांची भूक दोन्ही हातांनी खात होती. गुरुराजने चेहरा खिडकीकडे फिरवला. त्याचे खांदे हलत होते.

तिला ठसका लागला. संयुक्ताने पाण्याचा पेला पुढे केला.

"सावकाश," ती म्हणाली. आणि पाच वर्षांत प्रथमच मराठीत, तिलाच उद्देशून, "भव्या, सावकाश."

भव्याने चावणे थांबवले. ती कधी कुणाच्या डोळ्यांत पाहत नसे, आताही तिने पाहिले नाही. तिने फक्त मान थोडी कलवली, आईच्या बाजूचा कान वर येईल एवढी, आणि घास तसाच तोंडात धरून पुढचे ऐकण्यासाठी थांबून राहिली.