दातवाल्या पक्ष्याचे पाय

बारा वर्षं मी संग्रहालयात हाडं जोडतेय. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दातवाल्या पक्ष्याचा सांगाडा उभा केला, तर साहेब म्हणतात, "बाई, गुडघे उलटे बसवलेत. पुढे वळवा, लोक हसतील."

"साहेब, तो गुडघा नाही, घोटा आहे. पक्ष्याचा गुडघा वर पोटाशी, पिसांत झाकलेला असतो."

"मला अक्कल शिकवू नका! उद्घाटनाआधी वळवा, नाहीतर घरी बसा."

माझं डोकंच सटकलं. हातातला पाना मी त्यांच्या हातात ठेवला आणि खिडकी उघडली. बाहेर कठड्यावर कावळा बसला होता.

"आधी ह्याचे पाय वळवून दाखवा," मी म्हटलं. "हा गप बसला, तर माझ्या पक्ष्याला हात लावा."